दोनदा ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

परवा पुस्तकाच्या प्रती हातात आल्या. लोक म्हणतात, लेखक आधी मुखपृष्ठ बघतो, मग स्वतःचं नाव. मी थेट पान १७९ उघडलं. हस्तलिखितात ते १८७ होतं, तुम्हाला तोच आकडा आठवत असेल. त्या पानावरचा एक शब्द नीट छापला गेलाय ना, एवढं पाहिलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘जे पुस्तक मी छापलं नाही त्यात माझं नाव कशाला?’ म्हणून नाव गाळून हे उघडं पत्र लिहितोय. तुम्ही रागवाल, पण थोड्याच.

तुमच्याकडे येण्याआधीची साडेतीन वर्षं आठवली की अजून तोंड कडू होतं. कादंबरीचं बाड पाठवलं, तर पहिल्या प्रकाशकाकडून पोचसुद्धा आली नाही. त्यात माझाही दोष होता, हे मला फार उशिरा कळलं. ते लोक फक्त मुलांची पुस्तकं काढत. त्यांची यादी एकदा चाळली असती तरी कळलं असतं, पण मला पाठवायची घाई होती, वाचायची नव्हती. दुसऱ्या ठिकाणाहून मात्र आठ दिवसांत पत्र! ‘आपला काव्यसंग्रह आमच्या संपादक मंडळाला अत्यंत भावला.’ मी कादंबरी पाठवली होती. पत्रासोबत योजनेचा कागद होता: छपाईचा खर्च लेखकाचा, मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभ, आणि ठळक अक्षरांत ‘आयएसबीएनसह’. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, पण मी पैशांची जमवाजमव सुरू केली होती. काव्यसंग्रह म्हटलंय, हे दिसूनही. कोणीतरी ‘भावला’ म्हणालं होतं ना!

तिसऱ्या ठिकाणी एक गृहस्थ भेटले. माझ्यासमोर त्यांनी बाड हातावर तोललं, ‘जाड आहे’ म्हणाले आणि परत दिलं.

मग तुमच्याकडे पाठवलं. पाच महिन्यांनी पाकीट परत आलं, तेव्हा वजनावरूनच ओळखलं की सगळी पानं परत आहेत. दोन दिवस फोडलंच नाही. आत तुमच्या हातची चिठ्ठी होती, तीन वाक्यांची. ‘हे आम्हाला छापता येणार नाही. पण लिहिणं सोडू नका. पेन्सिल बघा.’

पेन्सिल! पहिल्या तीन पानांभोवती एक चौकट आणि समासात ‘ही तुमची तयारी. वाचकाला कशाला दाखवता?’ त्या तीन पानांत सूर्य उगवत होता, पाखरं उठत होती आणि नायिका अजून अंथरुणातच होती. त्यावर मी दोन महिने घालवले होते. वाईट वाटलं, मग तिडीक आली, मग चौथ्या पानापासून वाचून पाहिलं आणि गप्प बसलो.

‘अचानक’ या शब्दावर तुम्ही आकडे घातले होते. पहिल्या ‘अचानक’वर १, पुढच्यावर २, असे थेट ३१ पर्यंत. एकतिसाव्याशेजारी लिहिलं होतं, ‘आता मी दचकत नाही.’ घरात एकटाच होतो, मोठ्यांदा हसलो.

वडील गेल्यावर मुलगी त्यांची खोली आवरते, तिथे मी लिहिलं होतं: ‘माझ्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा घळाघळा वाहू लागल्या आणि दुःखाने काळीज पिळवटून निघालं. मी त्यांचा चष्मा पुसला, काड्या मिटल्या आणि डबीत ठेवला.’ पहिल्या वाक्यावर एक हलकी रेघ, बाजूला ‘चष्मा आहे ना. पुरे.’ लेखनावरची किती व्याख्यानं ऐकली आहेत मी. ‘भावना सांगू नका, दाखवा’ हे वाक्य वहीत तीनदा उतरवून घेतलंय. पण ते कळलं या चार शब्दांनी. त्या रात्री सगळं बाड घेऊन बसलो आणि चष्मा शोधत गेलो. कुठे सापडला, कुठे नव्हताच, नुसत्या धारा होत्या.

पण मला सांगायचंय ते १८७ व्या पानाबद्दल.

तिथवर मुलगी वडिलांबद्दल ‘बाबांनी’, ‘बाबांना’ असंच बोलते, आदराने. त्या पानावर तिला ट्रंकेत कागद सापडतात आणि आईचं घर वडिलांनी परस्पर गहाण टाकल्याचं कळतं. मी लिहिलं होतं, ‘हे बाबानी लपवून ठेवलं होतं.’ अनुस्वार राहिला होता. निव्वळ हातचूक. दुसऱ्या कुणी टिंब देऊन पुढचं पान उलटलं असतं. तुम्ही टिंब दिलं नाहीत. ‘नी’खाली बारीक रेघ मारून विचारलंत, ‘टिंब राहिलं, की इथे तिने आदर सोडला? सोडला असेल तर बाबाने करा.’

बाई, त्या ओळीकडे मी किती वेळ बघत होतो, सांगता येणार नाही. चार वर्षं मी त्या मुलीसोबत राहत होतो, पण ती वडिलांवर चिडली आहे हे मला माहीतच नव्हतं. माझ्या बोटांना कदाचित माहीत असेल. त्या पानापासून शेवटापर्यंत मी ‘बाबाने’ केलं आणि ते करताना सगळी प्रकरणं हलली. ती शेजाऱ्यांशी वेगळं बोलू लागली, आईशी वेगळं. शेवटाकडे एकदाच, भलत्याच साध्या वाक्यात, तिच्या तोंडून ‘बाबांनी’ निघून जातं. परवा पुस्तक उघडून पाहिला तो १७९ वरचा ‘बाबाने’. शेवटचा ‘बाबांनी’ बघायचा धीर अजून झालेला नाही.

आणखी एक. कादंबरी छापायची नाही हे तुम्ही पन्नासाव्या पानापर्यंतच ठरवलं असणार. नंतर फोनवर तसं कबूलही केलंत. तरीही पेन्सिल १८७ वर पोचली, २१४ वर पोचली, शेवटच्या पानावर पोचली. ज्यातून तुम्हाला काहीच मिळणार नव्हतं ते तुम्ही पूर्ण वाचलंत. नकार काय, कुणीही देतं. देणाऱ्याला अधिकार असतो आणि घेणाऱ्याला सवय होते. पण समोरच्याच्या चार वर्षांना हात लावताना आधी आपले हात धुवावेत, तसं तुमचं होतं. पेनाने का नाही लिहिलंत, असं विचारल्यावर म्हणालात, ‘तुम्हाला पटलं नाही तर खोडता यायला हवं.’ अशी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. एक म्हातारे शिंपी होते, दुसऱ्याने बिघडवलेला कपडा आणला तरी पहिल्या शिंप्याला नावं न ठेवता उसवायला बसत. बाकी चटकन आठवत नाही.

वर्षभराने सुधारलेलं बाड पाठवलं, तेव्हा तुम्ही पुन्हा ‘नाही’ म्हणालात. पुढच्या दोन वर्षांची यादी भरली होती. या वेळी मात्र फोन केलात आणि तासभर बोललात. बाडासोबत पाठवलेल्या सारांशावरून तर चांगलंच झापलंत. मी शेवटी लिहिलं होतं, ‘पुढे काय घडते ते वाचकांनीच अनुभवावे.’ तुम्ही म्हणालात, ‘सारांश वाचकासाठी नसतो हो, माझ्यासारखीसाठी असतो. शेवट लपवलात तर मला वाटणार, तो तुम्हालाच सापडलेला नाही.’

कराराचं तुम्ही सांगितलंत ते तर मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय. लिहिलं की हक्क आपोआप लेखकाचा होतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. लेखकांच्या हक्कांबद्दल देशांनी मिळून केलेल्या १८८६ च्या बर्न करारापासून जगातल्या बहुतेक देशांत हळूहळू हेच तत्त्व आलं. म्हणून हक्क विकायचा नाही, वापरायला द्यायचा: अमुक भाषेत, अमुक वर्षं, आणि पुस्तक बाजारात मिळेनासं झालं की परत. ‘सर्व भाषा, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवायचं. मानधनाचे टक्के छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर, हे आधी विचारायचं. आणि आयएसबीएन म्हणजे त्या आवृत्तीचा ओळखक्रमांक, २००७ पासून तेरा आकडी, बस्स. त्याने हक्क मिळत नाही की दर्जा ठरत नाही. त्या योजनेच्या कागदावर तो बक्षिसासारखा का छापला होता, ते तेव्हा कळलं.

शेवटी पुस्तक काढलं ते तुम्ही सुचवलेल्या दोन नावांपैकी दुसऱ्यांनी. छपाईच्या वेळी २११ पानं भरली. फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं; तो सोळा पानांचा, तेरा फर्मे म्हणजे २०८. तीन पानांसाठी चौदावा फर्मा घेणार नाही, म्हणाले. पूर्वीचा मी असतो तर भांडलो असतो. आता एका दुपारी बसून कापली. कुठली कापली ते ओळखून दाखवा.

प्रत वेगळ्या टपालाने पाठवतोय. पान ६४ वर एक ‘अचानक’ राहून गेलाय, चौथा. बाकीचे तीन मुद्दाम ठेवलेत, त्यांवर वाद घालायची तयारी आहे. प्रतीसोबत पेन्सिलही ठेवली आहे, टोक काढून. समास या वेळी जरा रुंद ठेवायला सांगितला होता.

आपला,
‘काव्यसंग्रहा’चा कादंबरीकार