विषय: बाळाच्या रक्तातील बुरशी संसर्गाच्या दाव्यातून केलेली कपात रद्द करण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

महोदय,

मी चोपडा तालुक्यातला केळी उत्पादक. तुमच्या कंपनीची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेली) पॉलिसी आम्ही घेतली आहे आणि तिच्यात नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. आमची मुलगी २९ व्या आठवड्यातच जन्मली, वजन १,०५० ग्रॅम. जळगावला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असताना तिच्या रक्तात कॅन्डिडा ही बुरशी निघाली. देवाच्या कृपेने आणि तिथल्या डॉक्टर-सिस्टरांमुळे पोर वाचली, घरी आली. दावा मात्र तुम्ही अर्धाच मंजूर केलात.

तुमच्या पत्रात लिहिलंय की ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) निगेटिव्ह आल्यानंतरचा मुक्काम निव्वळ देखरेखीचा होता, औषध तोंडावाटे घरी देता आलं असतं. हे साफ चुकीचं आहे. कल्चर निगेटिव्ह आलं की औषध संपत नाही, दिवस मोजायला तिथून सुरुवात होते. रक्त स्वच्छ झाल्यापासून पुढे दोन आठवडे औषध चालू ठेवायचं, हे अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. शिवाय तिच्या बुरशीवर फ्लुकोनॅझोल हे तोंडावाटेही देता येणारं औषध चालत नव्हतं, तसा लॅबचा रिपोर्ट दाव्यासोबत जोडलेला होता. म्हणून ॲम्फोटेरिसिन बी हे दुसरं बुरशीविरोधी औषध द्यावं लागलं. ते पोटातून रक्तात उतरतच नाही, शिरेतूनच द्यावं लागतं. सिस्टर सिरिंजला काळा कागद गुंडाळून पंपावर लावायच्या आणि ते औषध काही तास अगदी हळूहळू आत जायचं. त्याने किडनीला धोका असतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून टाचेतून पुन्हा पुन्हा रक्त काढून तपासायचे. चोपड्याच्या घरात हे कोणी करायचं होतं?

दुसरी कपात डोळ्यांची तपासणी, हृदयाची इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) आणि पोटाच्या सोनोग्राफीची. शेरा काय, तर ‘आजाराशी संबंध नाही’. ही बुरशी रक्तावाटे डोळ्याच्या पडद्यात, हृदयाच्या झडपांवर, किडनीत, मेंदूतही जाऊन बसते. ती तिथे पोचली का हे पाहिल्याशिवाय उपचार किती दिवस करायचे ते ठरत नाही. हा शेरा मारणाऱ्याने लहान बाळांचा एनआयसीयू आतून पाहिला असेल असं मला वाटत नाही.

संसर्ग रुग्णालयात झाला, असंही तुम्ही जाता जाता सुचवलंय. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला दूध पचत नाही, सेंट्रल लाईनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) पोषण द्यावं लागतं, अँटिबायोटिक्स द्यावी लागतात. या सगळ्यामुळेच बुरशीचा धोका वाढतो. पण त्यावाचून ती जगली नसती. आणि संसर्ग कुठे झाला यावर दावा नाकारायचं कलम पॉलिसीत कुठे आहे?

बिल भरायला मी केळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे. बाग अजून कापणीला यायची आहे.

कापलेली सगळी रक्कम द्यावी. नाहीतर प्रत्येक कपात पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली केली ते लेखी कळवावं. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार ते तुमच्यावर बंधनकारक आहे. ही कागदपत्रं तपासणारे डॉक्टर बालरोगतज्ज्ञ होते का, तेही सांगावं. महिन्याभरात समाधानकारक उत्तर न आल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करणार आहे.

सोबत : कल्चरचे सर्व रिपोर्ट, औषधांचा तक्ता, डिस्चार्ज कार्ड, बिलं.

आपला,
पॉलिसीधारक
ता. चोपडा, जि. जळगाव