पेसमेकर बसला, तरी गोळी चालूच

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, "पेसमेकर बसलाय, आता रक्त पातळ करायची गोळी कशाला?" असं तुम्ही म्हणालात, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. पेसमेकर ठोके ठरलेल्या आकड्याखाली जाऊ देत नाही; तुमच्या पेसमेकरच्या कार्डावर तो आकडा 60 आहे. ठोक्यांचा अनियमितपणा मात्र पेसमेकर घालवत नाही. तुमच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायचे सोडून नुसते थरथरतात, तिथं रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा. वॉरफॅरिन, म्हणजे तुमची रक्त पातळ करायची गोळी, ती गुठळी होऊ नये म्हणून आहे.

आई, मेथी-शेपू बंद करू नकोस, पण दर आठवड्याला सारखीच कर. एकदा चार जुड्या आणि पुढं काहीच नाही, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, हलतो. तो 2 ते 3 मध्ये हवा. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणायचं नाही, या गोळीसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नाडी पाच मिनिटं शांत बसून, पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणलं की अशा ठोक्यांचा हिशेब चुकतो. काही हलके ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, तेव्हा 57-58 आले तर घाबरू नका, पुन्हा मोजा. सारखे 50 च्या आसपास येऊन चक्कर आली, किंवा उचकी थांबेचना, तर पेसमेकरपासून हृदयात गेलेली वायर हललेली असू शकते, लगेच दाखवा.

ती वायर हलू नये म्हणूनच सहा आठवडे डावा हात, म्हणजे पेसमेकरच्या बाजूचा, खांद्याच्या वर नको. ओली सोलापुरी चादर पिळून दोरीवर टाकणं तर मुळीच नको, ती पाण्यानं केवढी जड होते! पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. कोपर, मनगट हलवत राहा.

मोबाईल शर्टाच्या डाव्या खिशात नको, बोलताना उजव्या कानाला लावा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहा. मिक्सर, टीव्ही खुशाल वापरा. गड्ड्याच्या यात्रेत मोठ्या स्पीकरला टेकून उभं राहू नका, त्यात चुंबक असतं. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून न थांबता चालत जा.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळात वेळ बघून 108 लावा. कार्डाची झेरॉक्स आईच्या पर्समध्येही ठेवा.

तुमची,
ताई