भोपळ्याचं वर्णन सांगा म्हणे!

मा. संपादक,

सामुदायिक बागांमुळे गुन्हे कमी होतात हा कालचा लेख वाचला. फोटो सुंदर होता. लेखकाने आयुष्यात कधी खुरपं हातात धरलं असेल असं मात्र वाटलं नाही, राग नसावा.

फिलाडेल्फियाचा दाखला दिलाय पण अर्धाच. २०१८ साली छापून आलेला तो प्रयोग ५४१ पडीक प्लॉटवर झाला आणि गरीब वस्त्यांमध्ये गोळीबार वगैरे २९ टक्क्यांनी कमी झाला, हे खरंय. पण तिथे कोणी वाफे पाडून टोमॅटो नव्हते लावले हो! कचरा उचलला, जमीन सारखी केली, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि नंतरही वेळच्या वेळी साफसफाई चालू ठेवली. याउलट ह्यूस्टनमध्ये खऱ्याखुऱ्या कम्युनिटी गार्डनच्या आसपासच्या चोऱ्यामाऱ्या मोजल्या होत्या, २००९ चा अभ्यास आहे, आणि इतर भागांपेक्षा म्हणण्यासारखा फरक काही सापडला नाही. हे का नाही छापलंत?

आता आमच्या बागेचं ऐका. आधी पाण्याचा पाइप गेला, मग पितळी नळ गेला, मग शेजारच्या वाफ्यातल्या आजोबांचा भोपळा गेला, जो ते रोज येऊन हात लावून बघायचे. मी त्यांच्याबरोबर तक्रार द्यायला गेले तर समोरचे साहेब पेन उघडून म्हणतात, "भोपळ्याचं वर्णन सांगा." आख्खी खोली हसली. आजोबा बिचारे खरंच सांगायला लागले, एवढा होता, देठापाशी जरा पिवळा होता... मला इतका संताप आला की काय सांगू. नळ चोरणारा हाच माणूस उद्या कोणाच्या घरात शिरला की मग धावणार का सगळे?

त्यावर आमच्या कमिटीने काय अक्कल चालवावी? चारी बाजूंनी उंच पत्रे, आतून दाट झुडपं, गेटला कुलूप आणि चावी सेक्रेटरींकडे, जे कधी फोन उचलत नाहीत. म्हणजे आम्ही बाहेर आणि चोर आत निवांत! पुढच्याच महिन्यात अवजारांची खोली फुटली, कुदळीपासून झारीपर्यंत सगळं साफ, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एकालाही दिसलं नाही, कारण दिसणार कसं? शिकागोत २००१ मध्ये झाडं आणि गुन्हे यांचा अभ्यास झाला त्यात हिरवळ जास्त तिथे गुन्हे कमी दिसले, पण ती होती गवत आणि उंच झाडं, ज्यांच्या खालून पलीकडचं दिसतं. जंगल माजवा असं कोणी सांगितलं नव्हतं. हे मी मीटिंगमध्ये बोलले तर "ताई, तुम्ही फार वाचता" असं ऐकून घ्यावं लागलं.

तेव्हा कृपया पुन्हा लेख छापाल तेव्हा हेही लिहा, की पत्रे काढा, गेटपाशी दिवा लावा, आणि संध्याकाळी कोणीतरी बागेत असेल असं बघा. नुसतं बी पेरून कुठला चोर घाबरतो?

आणि जाता जाता, वाचकांच्या पत्रांची जागा हल्ली जाहिराती खायला लागल्यात. मागच्या वेळी माझं पत्र मधोमध कापून छापलंत, शेवटचं वाक्य तर "म्हणून" या शब्दावर संपलं. हे पत्र पूर्ण छापा.

आपली,
एक वाफेवाली