‘जुने वैर’ लिहून बातमी पूर्ण होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

९ डिसेंबर हा वंशसंहारात बळी गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रे पाळतात. त्या सुमारास मराठी वृत्तपत्रांत रवांडा, बोस्निया, म्यानमार यांवर मजकूर येतो आणि त्यात एक वाक्य बहुधा ठरलेले असते: दोन जमातींतले जुने वैर उफाळून आले. सोलापुरात इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवणारे आम्ही काही जण या वाक्याला हरकत घेत आहोत. वैर आपोआप उफाळते असे एकदा मानले, की कुणालाच जाब विचारता येत नाही.

रवांडाचेच पाहा. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेजारी राहत, त्यांच्यात सोयरिकी होत. फरक कागदावर पक्का झाला तो १९३०च्या दशकात, बेल्जियमच्या वसाहती सरकारने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात नोंदवली तेव्हा. स्वातंत्र्यानंतर सत्ता हुतू पुढाऱ्यांकडे आली, पण तो रकाना तसाच राहिला. १९८९मध्ये कॉफीचे भाव कोसळून शेतकरी नागवला गेला. पुढच्याच वर्षी युगांडातल्या तुत्सी निर्वासितांच्या सशस्त्र संघटनेने सीमा ओलांडली, आणि खुर्ची डळमळलेल्या सत्ताधाऱ्यांना शत्रू आयता मिळाला. जुलै १९९३पासून आरटीएलएम हे रेडिओ केंद्र लोकांच्या आवडीची गाणी लावून मधल्या वेळात तुत्सींना झुरळे म्हणू लागले. ६ एप्रिल १९९४च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि काही तासांत राजधानी किगालीत रस्त्यांवर नाकी उभी राहिली. मारायच्या माणसांच्या याद्या आधीच तयार होत्या. नाक्यावर ओळखपत्र मागायचे, रकाना वाचायचा, तिथेच मारायचे. लपलेल्यांची नावे, पत्ते, गाड्यांचे क्रमांक रेडिओवरून सांगितले जात. सुमारे शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने, आठ लाख माणसे मारली गेली. कत्तलीला विरोध करणारे हुतूही त्यांत होते.

आता बुतारे प्रांताकडे या. तिथले प्रमुख प्रशासक, आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे, ज्याँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना. त्यांनी कत्तलीला साथ दिली नाही. राजधानीत रक्ताचे पाट वाहत असताना बुतारे जवळजवळ दोन आठवडे बरेचसे शांत होते. मग त्यांना पदावरून काढले. १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्षांनी तिथे येऊन भाषण केले आणि त्यानंतर हजारो लोक मारले गेले. हाब्यालिमानांचाही जीव घेतला गेला. याच्या उलट ताबा नावाच्या भागाचे स्थानिक प्रशासक ज्याँ-पॉल अकायेसू. हे एके काळचे शिक्षक, आणि आम्हाला हे नाव वर्गात घेताना जड जाते. १८ एप्रिलपर्यंत त्यांनीही मारेकऱ्यांना अडवले होते. त्या दिवशी वरिष्ठांची बैठक झाली आणि नंतर त्यांनी बाजू बदलली. २ सप्टेंबर १९९८ला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्यांना दोषी धरले. वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला हा पहिलाच निकाल, आणि बलात्कार हे वंशसंहाराचे साधन असू शकते हेही त्यात प्रथमच मान्य झाले. बुतारे आणि ताबा दोन्हीकडे लोक तेच, वैर असलेच तर तेही तेच. वरून काय आदेश आला आणि खुर्चीत कोण बसले होते, एवढे बदलले.

बाहेरच्या जगाचे वागणेही तारखांसकट सांगायला हवे. संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार सैनिक रवांडात होते. त्यांचे सेनापती रोमेओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४लाच शस्त्रसाठे आणि याद्यांबद्दल न्यूयॉर्कला तार केली होती. दहा बेल्जियन सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने उरलेले बळ २७० वर आणण्याचे ठरवले. रेडिओच्या लहरी विमानातून अडवता आल्या असत्या. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने खर्च ताशी साडेआठ हजार डॉलर येईल हेही एक कारण देत नकार दिला.

मारणे थांबले तरी प्रकरण मिटत नाही. बोस्नियात स्रेब्रेनित्सा येथे जुलै १९९५मध्ये आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. काही आठवड्यांनी पुरावा लपवण्यासाठी सामुदायिक कबरी यंत्रांनी उकरून मृतदेह दुसरीकडे नेले. त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन, कधी चार ठिकाणी सापडली. नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवून ओळख पटवावी लागली, आणि हाती आले तेवढे अवशेष पुरायचे की बाकीच्यांची वाट पाहायची, हा निर्णय आयांना करावा लागला. रवांडात बलात्कार झालेल्या स्त्रियांची संख्या अडीच ते पाच लाख सांगितली जाते. अनेकींना एचआयव्हीची लागण झाली. नेहमीच्या न्यायालयांना इतके खटले झेपणे शक्य नव्हते म्हणून गावपातळीवर बारा हजारांवर ‘गचाचा’ न्यायालये बसवली गेली. २०१२पर्यंत त्यांनी सुमारे एकोणीस लाख प्रकरणे हातावेगळी केली. मृतदेह कुठे पुरले ते सांगून कबुली दिली की शिक्षा कमी होई, त्यामुळे पुष्कळ कुटुंबांना निदान जागा कळली. पण साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खून झाले, आणि शेवटी जिंकलेल्या तुत्सी संघटनेच्या सैन्याने केलेल्या हत्या या न्यायालयांच्या कक्षेत आल्याच नाहीत. ज्याने घरच्यांना मारले तो शिक्षा भोगून शेजारच्या घरात परततो आणि पाण्याला एकाच वाटेने जावे लागते, असे आयुष्य तिथे हजारो बायका जगत आल्या आहेत.

वंशसंहारविरोधी करार १२ जानेवारी १९५१ला अमलात आला. (आपल्या चार हुतात्म्यांच्या फाशीचीही हीच तारीख, १९३१ची, त्यामुळे सोलापूरकरांच्या ती लक्षात राहील.) भारताने १९५९मध्ये तो मंजूर केला, पण त्यासाठीचा स्वतंत्र कायदा आजही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८मध्ये, १९८४च्या शीखविरोधी हत्याकांडातील सज्जन कुमार खटल्याच्या निकालात, ही त्रुटी तातडीने दूर करा असे नोंदवले. चिथावणीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आहे. मात्र न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, आणि तिथे फायली अडकतात.

सोलापूर जिल्ह्याने या साखळीतली एक कडी फार जवळून पाहिली आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, मुले पळवणारी टोळी समजून, आपल्या मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. तो वंशसंहार नव्हता, आणि तसे म्हणणे दोन्हींवर अन्याय ठरेल. पण अनोळखी समाज, मोबाइलवरची अफवा आणि वेळेवर न पोहोचलेले खंडन, एवढ्यावर काय होते ते तिथे दिसले. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीतला होता. मूल परत आणून सोडल्याचा आणि फलक दाखवल्याचा शेवट कुणीतरी कापला होता.

त्याच महिन्यात, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने जमावाकडून होणाऱ्या हत्यांबाबतच्या तहसीन पूनावाला प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, त्याने महिन्यातून किमान एकदा सर्व ठाणेदारांची बैठक घ्यावी आणि असे खटले शक्यतो सहा महिन्यांत संपवावेत, असे आदेश दिले. आपल्याकडे शहराला पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीणला अधीक्षक, अशा दोन यंत्रणा आहेत. रात्री अकराला संशयास्पद संदेश आला तर पूर्वभागातल्या विणकराने किंवा अक्कलकोटच्या दुकानदाराने कुणाला फोन करायचा? दोन्ही अधिकाऱ्यांची पदनामे आणि क्रमांक आपण दर महिन्याला ठरलेल्या जागी छापावेत, आणि बैठक झाली की नाही हेही विचारून छापावे. या शहरात अफवा मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांतून फिरते, खंडन मात्र बहुधा एकाच भाषेत निघते. त्या भाषांतल्या पत्रकारांशी आपण आताच बोलून ठेवावे, म्हणजे मजकूर आणि भाषांतर तासाभरात तयार होईल. खंडन अफवेच्या बातमीच्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या मथळ्याने यावे. आणि कुठल्याही देशातल्या कत्तलीची बातमी देताना याद्या कुणी केल्या, आदेश कुणी दिला, कोणत्या अधिकाऱ्याला आधी हटवले, याला पहिल्या परिच्छेदात जागा द्यावी, ही आमची कळकळीची विनंती आहे.

आपले,
इतिहास व राज्यशास्त्राचे काही प्राध्यापक, सोलापूर