चष्मेवाल्यांसाठी आय-पॉइंटचा आकडाही छापावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात नव्या कॅमेऱ्यांचा परिचय येतो, तेव्हा मेगापिक्सेल, सेन्सरचा आकार आणि व्ह्यूफाइंडरचे (डोळा लावून दृश्य पाहायच्या झरोक्याचे) वर्धन, म्हणजे त्यातली प्रतिमा किती मोठी दिसते, हे आकडे न चुकता दिलेले असतात. मात्र चष्मा लावूनच छायाचित्रे काढणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला जो आकडा सर्वांत आधी हवा असतो, तो आय-पॉइंट क्वचितच आढळतो. डोळा व्ह्यूफाइंडरपासून जास्तीत जास्त किती दूर असतानाही संपूर्ण चौकट दिसते, ते अंतर म्हणजे आय-पॉइंट. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारणपणे १२ ते १४ मिलिमीटर पुढे असते. त्यात काचेची जाडी आणि व्ह्यूफाइंडरभोवतीची रबरी कड मिळवली, की १५-१६ मिलिमीटरचा आय-पॉइंट अपुरा पडतो. चौकटीचे कोपरे कापले जातात आणि खालच्या पट्टीतला शटरचा वेग वाचण्यासाठी डोळा हलवत राहावे लागते.

यावर ‘चष्मा काढा आणि डायॉप्टरची चकती फिरवा’ असा सल्ला हमखास मिळतो, आणि तो बहुधा चष्मा नसलेल्यांकडून मिळतो. व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या नंबरानुसार जुळवणारी ही चकती अनेक कॅमेऱ्यांत साधारण -३ ते +१ एवढ्याच टप्प्यात फिरते, शिवाय ती सिलिंडरचा (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) नंबर मुळीच भरून काढत नाही. नंबर त्या टप्प्यात बसला, तरी डोळा कॅमेऱ्यापासून दूर करताच समोरचे दृश्य धूसर होते आणि चष्म्याची काढ-घाल करण्यात नेमका क्षण निसटतो. अर्थात, चष्मा लावूनही ही चकती एकदा नीट जुळवून घ्यावीच. मात्र जुळवताना नजर दृश्यावर न ठेवता व्ह्यूफाइंडरमधल्या अक्षरांवर किंवा खुणांवर ठेवावी. प्रोग्रेसिव्ह (दूरचे-जवळचे नंबर एकाच काचेत असलेली) काच असेल, तर काचेच्या कोणत्या भागातून पाहतो यानुसार ती अक्षरे स्पष्ट किंवा पुसट दिसतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

आय-पॉइंट आणि वर्धन यांचा परस्परसंबंध आहे, म्हणूनच एकटे वर्धन छापणे मला दिशाभूल करणारे वाटते. व्ह्यूफाइंडरच्या भिंगाचा आकार तेवढाच ठेवून प्रतिमा मोठी केली, की डोळा अधिक जवळ न्यावा लागतो. निकॉनने १९८० साली आणलेल्या एफ३ कॅमेऱ्याची चष्मेधारकांना सोयीची ‘एचपी’ आवृत्ती १९८२ साली काढली, तेव्हा वर्धन ०.८ वरून ०.७५ वर उतरवले आणि त्या बदल्यात सुमारे २५ मिलिमीटरवरूनही पूर्ण चौकट दिसू लागली. वर्धनाच्या आकड्यापुरते पाहिले असते, तर हीच आवृत्ती कमी दर्जाची ठरली असती. आजच्या काही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरमधले चित्र सेटिंगमधून लहान करता येते. चष्मेवाल्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, पण परिचयलेखांत तिचा उल्लेख माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

तेव्हा यापुढे आय-पॉइंटचा आकडा अवश्य द्यावा, आणि तो व्ह्यूफाइंडरच्या भिंगापासून मोजला आहे की बाहेरच्या कडेपासून, हेही लिहावे. कारण भिंग आत बसवलेले असल्याने या दोन मोजमापांत चार-पाच मिलिमीटरचा फरक पडू शकतो आणि आम्हाला तेवढाच पुरेसा असतो. जागेची अडचण असल्यास सेन्सरच्या वर्णनातली एखादी ओळ गाळली, तरी आमची तक्रार नसेल.

आपला,
एक चष्मेधारी वाचक