आठवा हिस्सा आणि साठ वर्षे

संपादक महोदय,

मी शाळेत ३१ वर्षे गणित शिकवले. चक्रवाढ व्याजाचे सूत्र मुले घोकून पाठ करत, उत्तरही बरोबर काढत. पण त्या उत्तराने कुणी दचकल्याचे काही मी पाहिले नाही. परवा पुतण्याशी वाद झाला तेव्हा हे आठवले. तो इंजिनीअर. अंतराळाचे नीतिशास्त्र असा काही अभ्यासाचा विषय असतो, हे ऐकूनच त्याला हसू आले. म्हणाला, "काका, तिथे ना माणूस ना मुंगी. नीती पाळायची कुणाशी?"

मी त्याला टोनी मिलिगन यांचे काम सांगितले. हे लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले तत्त्वज्ञ. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन एल्विस यांच्याबरोबर २०१९ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सूर्यमालेतल्या वापरता येण्याजोग्या साधनसंपत्तीपैकी फक्त आठवा हिस्सा माणसाने वापरावा, बाकीचे सात हिस्से रान म्हणून सोडून द्यावेत. लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या लोखंडाचा नुसता आठवा हिस्साही पृथ्वीवरच्या आज माहीत असलेल्या साठ्याच्या दहा लाख पटींहून जास्त भरतो.

पुतण्या म्हणाला, मग काळजी कसली?

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. वापराच्या वाढीचा दर त्यांनी वर्षाला ३.५ टक्के धरला आहे. दुपटीची वर्षे काढायचा ७२ चा नियम लावा: ७२ ला ३.५ ने भागा, साधारण २० वर्षांत वापर दुप्पट. ४०० वर्षांत अशा वीस दुपटी होतात, आणि दोनाचा विसावा घात दहा लाखांच्या वर जातो. म्हणजे तो आठवा हिस्सा ४०० वर्षांत फस्त. पण खरी मेख पुढेच आहे. दर दुपटीला आठव्या हिश्श्याचा पाव हिस्सा होतो, पावाचा अर्धा, अर्ध्याचे सगळे. तीनच दुपटी, साठ वर्षे! आठव्या हिश्श्याशी लक्ष्मणरेषा आखली ती एवढ्याचसाठी, की ब्रेक दाबायला निदान साठ वर्षे हाती राहावीत.

माझे मत विचाराल तर साठही कमीच. हवामानबदलावरचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ चा. त्याला तीस वर्षे उलटून गेली आणि जगाचे कार्बन उत्सर्जन तेव्हापेक्षा आज जास्तच आहे. म्हणजे दीड दुपट आपण नुसत्या बैठकांत घालवली असती.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. हिस्सा एकूण बेरजेवर मोजला की मोक्याच्या जागा निसटतात. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे त्याच्या ध्रुवांजवळच्या काही उंच कड्यांवर जवळजवळ सतत ऊन असते, आणि शेजारच्या खोल विवरांत कायमचा अंधार व बर्फ. वीज आणि पाणी हाकेच्या अंतरावर. असे कडे मोजकेच आणि चिंचोळे. त्यातले सात अष्टमांश राखून ठेवले तरी उरलेला एक पहिला पोहोचणाऱ्याच्याच घशात जाणार.

हे मिलिगन यांना दिसले नाही असे मात्र नाही. २०१६ च्या एका निबंधात त्यांनी, एल्विस आणि अ‍ॅलाना क्रोलिकोव्स्की यांनी नेमकी हीच पळवाट दाखवली होती. १९६७ चा अंतराळ करार सांगतो की चंद्रावर कोणत्याही देशाची मालकी चालणार नाही. पण दुसऱ्याच्या कामात हानिकारक अडथळा येण्याची शक्यता असेल तर आधी सल्लामसलत करा, असेही तोच करार सांगतो. आता समजा, सूर्याच्या रेडिओ निरीक्षणासाठी कुणी अशा कड्यावर सुमारे शंभर मीटरची तार अंथरली. उपकरण इतके नाजूक की जवळ कुणी फिरकता कामा नये. मालकी शून्य, ताबा पूर्ण, आणि वर विज्ञानाचे नाव! असला डाव वकिलाच्या आधी तत्त्वज्ञाला सुचावा, याचे मला कौतुक वाटले.

पुतण्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर या तारेत मिळाले. नीती दगडाशी नाही, मागून येणाऱ्या माणसाशी पाळायची. तो हे कबूल करतो की नाही, ठाऊक नाही. रात्री त्याचा निरोप आला तो एवढाच: "काका, ७२ चा नियम ढोबळ आहे. लॉगरिदमने दुपटीला २०.१५ वर्षे लागतात. तीन दुपटींना साठ वर्षे आणि वर साडेपाच महिने."

दुरुस्ती मान्य.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक