तुमची तारीख आधी कळवा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे डोळे तपासून झाल्याचं मला मावशीकडून कळलं. "तिला कामं असतात, कशाला सांगायचं," असं तुम्ही म्हणालात म्हणे. ते मनात घोळत राहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं काम घरातून चालतं, त्यामुळे ते कधी सुरू होतं नि कधी संपतं हे कुणालाच दिसत नाही. अनुवादाचे पैसे बहुतेक वेळा शब्दांवर मिळतात. नीट काम करणाऱ्याच्या हातून दिवसाला साधारण २,००० ते २,५०० शब्द होतात; मजकूर कायद्याचा किंवा औषधांचा असला तर त्याहून कमी. म्हणजे १०,००० शब्दांची फाइल हे चार-पाच दिवसांचं काम. ती शुक्रवारी संध्याकाळी येते आणि सोमवारी सकाळी हवी असते! माझे शनिवार-रविवार समोरच्याने गृहीतच धरलेले असतात. हल्ली तर यंत्राने केलेला अनुवाद कमी दरात 'फक्त नजर फिरवायला' पाठवतात. पण यंत्राची वाक्यं इतकी सफाईदार असतात की चूक चटकन दिसत नाही. प्रत्येक ओळ मुळाशी ताडून पाहावीच लागते.

यात डोकं थकतं, आणि ते थकलेलं आपल्याला कळतही नाही. परिषदांमध्ये भाषण चालू असतानाच भाषांतर करणारे दुभाषी जोडीने बसतात आणि साधारण २०-३० मिनिटांनी आलटून पालटून बोलतात. लिहिणाऱ्याच्या शेजारी असं कुणी नसतं. अनुवादसेवेसाठीच्या आयएसओ १७१०० या २०१५ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनुवाद दुसऱ्या जाणकाराने तपासणं बंधनकारक आहे, पण थेट ग्राहकाकडून आलेल्या कामात बऱ्याचदा तो दुसराही मीच असते. म्हणून मधे एक रात्र जाऊ देते आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी वाचते. ती रात्र मी कामाचाच भाग मानते.

आई, तू विचारतेस, "नाही म्हणता येत नाही का गं?" येतं. धास्ती एवढीच असते की पुढचं काम दुसऱ्याकडे जाईल. पण नुसतं 'नाही' न कळवता 'बुधवारी दुपारपर्यंत देते' असं कळवलं की बरेच जण थांबतात. ज्यांना खरंच घाई असते, ते तातडीचा जादा दर देतात. काही जण गेले. जाऊ देत. मंदीच्या महिन्यांसाठी बाजूला पैसे ठेवलेत, त्यांची चिंता करू नका.

आता संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी मी काम करत नाही. पण डॉक्टर काही रविवार बघून वेळ देत नाहीत, म्हणूनच हे पत्र. माझ्या कॅलेंडरमध्ये तुमची तारीख आधी लिहिलेली असली, तर त्या दिवसासाठी मी शब्दच घेत नाही. कुणाकडे रजा मागावी लागत नाही. या पेशात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, आणि ते तुमच्याच उपयोगी पडत नसेल तर मला फार वाईट वाटेल. आदल्या दिवशी कळलं तर मात्र फाइल घेऊन बसलेली असते. मग दवाखान्याच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप, आणि डॉक्टर काय सांगतात त्याकडे अर्धंच लक्ष.

तेव्हा बाबा, पुढच्या तपासणीची तारीख मिळाली की त्याच दिवशी फोन करा. मी उचलला नाही तर रागावू नका, तासाभरात मीच करेन. आणि आई, गुडघ्याचं तू कुणालाच सांगत नाहीस, ते मला सांग. तुझ्यासाठीही एक दिवस धरून ठेवते.

तुमची,
लेक